वडिलांचा मोतीबिंदू: गुजरीतल्या कामाला बायफोकल लेन्स चालेल का?

गुजरीचा_पोरगा | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, उजव्यात जास्त. वय ६२. कोल्हापूरच्या गुजरीत (सोनारांच्या पेठेत) पिढीजात सोनारकाम. कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्याचे जावमणी आणि पानड्या यांचं झाळकाम, म्हणजे तुकडे झाळून जोडायचं काम, ते अजून कुणाच्या हाती देत नाहीत. यंदा दिवाळीच्या गर्दीत एक पानडी उलटी झाळली गेली, गिऱ्हाइकाच्या आधी आईच्या लक्षात आली, आणि मग घरात डोळ्यांचा विषय निघाला.

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितलेत. एक साधी मोनोफोकल: लांबचं स्वच्छ, जवळच्याला चष्मा. दुसरी बायफोकल: म्हणे चष्मा सुटेल. काउंटरवर एक घडीपत्रिका दिली, तिच्यावर नातवाला पुस्तक वाचून दाखवणारे हसरे आजोबा. दुसरीचे पैसे पहिलीच्या तिप्पट. पोटापाण्याचा डोळा आहे, खर्चाला मागे हटणार नाही, पण काय विकत घेतोय ते कळायला हवं ना.

अडचण अशी की आण्णा काम धरतात डोळ्यांपासून वीत-सव्वा वीत अंतरावर. आणि चांदीच्या कामासाठी अधूनमधून हुपरीला जातात, परतताना अंधार होतो, स्कूटर स्वतःच चालवतात. सांगून ऐकत नाहीत.

प्रश्न दोन. ही लेन्स आत नेमकं काय करते? चष्म्याच्या बायफोकलसारखं खालून बघायचं का? आणि रात्रीच्या गाडीचं काय?

---

पेन्शनर_पेठेतला | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

साधी लेन्स घाला आणि महाद्वार रोडवरून वाचायचा चष्मा घ्या. माझं तसंच आहे, दोन्ही डोळे, मजेत चाललंय. चष्म्याची लाज कसली वाटते लोकांना कळत नाही.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पेन्शनरकाका, लाजेचा प्रश्न नसतो हो. मी शिक्षिका होते, आयुष्यभर चष्मा नाकावर आणि तरी शोधतेय टेबलावर. दोन्ही डोळ्यांत बायफोकल घालून घेतली आणि आता 'पुढारी'तल्या छोट्या जाहिराती, औषधाच्या पट्टीवरची तारीख, सुईत दोरा, सगळं चष्म्याविना. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात हे खरं. सुरुवातीला फार खुपायची. आता असतात, पण मी बघत नाही.

मी गाडी चालवत नाही, हेही सांगून ठेवते.

---

आयुर्मार्ग | ८ नोव्हेंबर, रात्री ११:३१

ऑपरेशन कशाला? मध आणि पांढऱ्या कांद्याचा रस डोळ्यात घातला तर मोतीबिंदू विरघळतो. आमच्या गावात कैकांचा गेलाय.

---

डॉ_कवडसा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

आयुर्मार्ग, नाही विरघळत. मोतीबिंदू म्हणजे आतल्या भिंगातली प्रथिनं गढूळ होणं, आणि ते पुन्हा पारदर्शक करणारा एकही थेंब आजवर सिद्ध झालेला नाही. मध-कांद्यानं पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला) जखम झालेले रुग्ण मी स्वतः तपासलेत. कृपया हे कुणाला सांगू नका.

मूळ प्रश्नावर दुपारी सवडीने लिहितो.

---

भिंगोबा | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

गुजरीचा पोरगा, मी डॉक्टर नाही. कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, आता रंकाळ्यावर फेऱ्या मारतो. पण तुमचा पहिला प्रश्न माझ्या विषयातला आहे, आणि घडीपत्रिकेत नेमका तोच भाग गाळलेला असतो. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

चष्म्याच्या बायफोकलमध्ये वर लांबचा नंबर, खाली जवळचा. नजर खाली गेली की भाग बदलतो. डोळ्यातली लेन्स बाहुलीच्या मागे बसते आणि डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे खालून बघण्याचा प्रकारच तिथं नाही. आत शिरणारा प्रकाश एकाच वेळी दोन फोकसना वाटला जातो. म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर कायम दोन प्रतिमा, एकावर एक: एक रेखीव, एक पुसट. आण्णा पानडीकडे बघतील तेव्हा जवळच्या फोकसची प्रतिमा रेखीव, आणि लांबच्या फोकसमधून आलेला त्याच पानडीचा प्रकाश तिच्यावर धुक्यासारखा पसरलेला. मेंदूनं रेखीव तेवढी उचलायची.

वाटणी करायच्या मुख्य पद्धती दोन.

पहिल्या पद्धतीत लेन्सवर वर्तुळाकार पट्टे असतात, एक लांबचा, एक जवळचा, पुन्हा लांबचा. अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालेली 'अ‍ॅरे' ही लेन्स या जातीची, पाच पट्ट्यांची, मधला पट्टा लांबच्या बाजूला झुकलेला. गोम अशी की हे सगळं बाहुलीच्या मापावर अवलंबून. भर उजेडात बाहुली बारीक झाली की जवळचे पट्टे झाकले जातात, आणि नेमकं बारीक काम करताना जवळचं कमी दिसतं. वय वाढतं तशी बाहुली मुळातच बारीक होत जाते. सोनाराच्या दिव्याखाली ही जात नको, असं माझं मत.

दुसरी पद्धत विवर्तनाची, इंग्रजीत डिफ्रॅक्टिव्ह म्हणतात ती. लेन्सच्या पृष्ठभागावर एकात एक वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या असतात. अ‍ॅक्रिलिकच्या लेन्सवर पायरीची उंची साधारण १.३ मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला सव्वा-दीड भाग! तेवढ्या पायरीनं प्रकाशाची लहर अर्ध्या तरंगलांबीनं मागे पडते, आणि लहरी एकमेकींत मिसळून एकाऐवजी दोन फोकस तयार होतात. प्रत्येक फोकसला मिळणारा वाटा ४ भागिले पायचा वर्ग, म्हणजे ४०.५ टक्के. दोन्ही मिळून ८१. उरलेले १९ टक्के भलत्याच फोकसना जातात, जिथं ते कुणाच्याच कामाचे नाहीत. उसाला एकाच पाटाचं पाणी दोन सऱ्यांत सोडलं तर दोन्ही सऱ्या अर्ध्या भरतात आणि थोडं बांधात मुरतं, तसला हिशोब. विहिरीला पाणी वाढलेलं नाही, हे लक्षात ठेवायचं. काउंटरवर नेमकं तेच विसरायला लावतात.

यात एक सुधारणा झाली. 'रिस्टोर' नावाच्या लेन्समध्ये, अमेरिकेत मंजुरी २००५ ची, पायऱ्यांची उंची मध्यापासून कडेकडे १.३ वरून ०.२ मायक्रॉनपर्यंत उतरत जाते, आणि बाहेरच्या भागात पायऱ्याच नाहीत. उजेडात बाहुली बारीक असताना दोन्ही फोकसना जवळपास सारखा वाटा, अंधारात बाहुली फाकली की जास्त प्रकाश लांबच्या फोकसला. रात्रीच्या रस्त्याला बरं, पण मंद उजेडात हॉटेलचं मेनूकार्ड वाचता येत नाही. अशी लेन्स घातलेल्या माणसानं वाचताना टेबललॅम्प ओढून घ्यावा.

आता अंतरं. लेन्सवर '+४' असा जवळचा जादा नंबर असला तरी तो डोळ्याच्या आत आहे, चष्म्याच्या मापात तो साधारण ३.२ भरतो. १ भागिले ३.२, म्हणजे ३१ सेंटिमीटर. '+३' ची लेन्स चष्म्याच्या मापात २.४ च्या आसपास, वाचायचं अंतर ४० सेंटिमीटर. '+२.५' ची अर्धा मीटर. तेव्हा 'बायफोकल द्या' एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या अंतराची हे विचारायचं. आण्णांच्या वीत-सव्वा वितीला +३ ची लेन्स लांब पडेल, +४ ची कशीबशी पोचेल.

कडी कुठून येतात तेही याच हिशोबात आहे. समोरच्या दिव्याची एक प्रतिमा पडद्यावर टिंबासारखी. जवळच्या फोकसमधून आलेला त्याच दिव्याचा प्रकाश पडद्याच्या आधीच गोळा होतो आणि पडद्यावर पोचेपर्यंत चकतीएवढा पसरतो. चकतीचा कोन म्हणजे बाहुलीचा व्यास गुणिले जादा नंबर. बाहुली ४ मिलिमीटर आणि नंबर ३.२ धरला तर ०.०१२८ रेडियन, पाऊण अंशाला जरा कमी. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश असतो. म्हणजे प्रत्येक हेडलाइटभोवती दीड चंद्राएवढं वलय. +२.५ च्या लेन्सला तेच वलय चंद्राएवढं. जवळचा नंबर जितका जोरकस, तितकं कडं मोठं, यातून सुटका नाही.

जेवण झाल्यावर उरलेलं लिहितो.

---

लेथमास्तर | ९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

भिंगोबा सर, एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर!

मी उद्यमनगरात लेथवर. दोन्ही डोळ्यांत बायफोकल बसवली, कुठं ते लिहीत नाही. पेपर वाचतो, लांबचा बोर्ड वाचतो, तक्रार नाही. पण चकमधला, म्हणजे लेथच्या पकडीतला, जॉब असतोय माझ्यापासून हातभर लांब, आन नेमकं तिथंच सगळं मऊ दिसतंय. डायलवरच्या रेघा एकमेकींत मिसळत्यात. वाकून तोंड जवळ न्यावं तर फिरता जॉब, बारीक कीस उडतोय, तिथं तोंड घालायचं काय? ऑपरेशनच्या आधी मला 'तुम्ही काम काय करता' असं विचारलंच नाही. फॉर्मवर धंदा लिवला होता, वाचला कुणी?

आन रात्री हायवेला शिरोलीच्या पुलावरून येताना समोरून गाड्यांची रांग आली की नुसत्या चकत्या नाचत्यात.

---

घाटवाट | ९ नोव्हेंबर, दुपारी १:४५

माझा धंदा प्रवासी गाडीचा, गगनबावडा घाट रोजचा. समोरचे दिवे चुकवता येतात हो, ते दिसतात तरी. खरा जीव जातो तो सीझनला, ऊस भरलेल्या ट्रॉलीत. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, काळ्या डांबरावर काळसर ढीग. हुपरीच्या रस्त्यानं नोव्हेंबर ते मार्च हेच चालतं. आण्णांना रात्री स्कूटरवर पाठवू नका, लेन्स कुठलीही असो.

---

भिंगोबा | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

घाटवाट, तुम्ही बरोब्बर मुद्द्यावर आणून सोडलंत.

डॉक्टरांच्या खोलीतला तक्ता पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा असतो. तिथं प्रकाश निम्मा झाला तरी ६/६ ची, म्हणजे निरोगी नजरेची, ओळ वाचता येते, कारण काळं आणि पांढरं यात फरकच एवढा आहे. लेन्सचा खरा हिशोब कळतो तो राखाडीवर राखाडी ओळखायची वेळ येते तेव्हा. विनादिव्याची ट्रॉली म्हणजे हीच परीक्षा. याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. तो मोजायला वेगळा तक्ता असतो, पेली-रॉबसन नावाचा, १९८८ सालचा. त्यात अक्षरं सगळी एकाच मापाची आणि खाली जाता जाता फिकी होत जाणारी. तुमच्या डॉक्टरांकडे असेल तर तो वाचायला मागा.

प्रयोगशाळेतही लेन्सची परीक्षा अशीच घेतात. आयएसओ ११९७९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लेन्स पाण्यासारख्या द्रवात, कृत्रिम डोळ्यात बसवायची, हिरवा प्रकाश सोडायचा आणि काळ्या-पांढऱ्या रेघांची जाळी पलीकडे किती ठळक उमटते ते मोजायचं. मिलिमीटरला रेघांच्या १०० जोड्या म्हणजे साधारण ६/६ ची बारकाई. वस्तू लांबून जवळ आणत आलेख काढला तर मोनोफोकलचा एकच उंच डोंगर येतो. बायफोकलचे दोन डोंगर येतात, दोन्ही त्याच्या निम्म्या उंचीच्या आसपास, आणि मधे दरी. लेथमास्तर, तुमचा चक त्या दरीत आहे. डोळा बिघडलेला नाही, लेन्सही बिघडलेली नाही. ती जशी कोरली तशीच चालतेय.

ही दरी बुजवायला पुढे तीन फोकसच्या लेन्स आल्या, युरोपात २०१० च्या सुमारास, अमेरिकेत पहिली मंजुरी २०१९ मध्ये. त्यांत प्रकाशाचे तीन वाटे, मधला ६०-८० सेंटिमीटरला. संगणकवाल्यांना उत्तम. पाणी मात्र तेवढंच.

---

पेन्शनर_पेठेतला | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

म्हणजे मी म्हणत होतो तेच. साधी लेन्स, एकच उंच डोंगर.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५५

काका, डोंगर उंच असून उपयोग काय, तुम्ही चष्मा शोधेपर्यंत दूध उतू जातं. :) माझ्या निम्म्या उंचीच्या दोन डोंगरांवर मी खूश आहे. माझ्या कामात ट्रॉली येत नाही, चकही येत नाही. ज्याचं त्यानं बघावं.

---

डॉ_कवडसा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

भिंगोबांनी भौतिकशास्त्र चोख मांडलंय. मी दवाखान्यातली बाजू सांगतो. डोळा न बघता सल्ला देता येत नाही, तेव्हा हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोष असेल, मधुमेहाचा परिणाम, मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची) झीज, किंवा काचबिंदूनं नस कमजोर झालेली असेल, तर आधीच कमी पोचणारा कॉन्ट्रास्ट आणखी वाटायला जाऊ नये. म्हणून ऑपरेशनआधी पडद्याचा ओसीटी स्कॅन (त्याचे थर दाखवणारी तपासणी) करून घ्यावा. मोतीबिंदूमुळे आतलं नीट दिसत नाही आणि छोटा दोष निसटतो.

पारपटल वेडंवाकडं असेल, उदाहरणार्थ केरॅटोकोनस (पारपटल शंकूसारखं पुढे येणं), तरीही नको.

या लेन्सला ऑपरेशननंतर उरलेला नंबर अजिबात खपत नाही. मोनोफोकलवाल्याला अर्धा-पाऊण नंबर राहिला तर तो चष्म्यानं निभावतो. बायफोकलवाल्याचे दोन्ही फोकस एकदम जागा सोडतात आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचं जातं. तिरका (सिलिंडरचा) नंबर जास्त असेल तर त्याच लेन्सचा टोरिक प्रकार लागतो.

शस्त्रक्रियेत भिंगाची मागची पिशवी फाटली तर विवर्तनाची लेन्स मध्यावर नीट बसेल याची खात्री राहत नाही, आणि सरकलेली लेन्स फार त्रास देते. अशा वेळी बहुतेक सर्जन साधी लेन्स बसवतात. हे आधीच बोलून ठेवावं, म्हणजे टेबलावरून उठल्यावर 'पैसे एकाचे आणि लेन्स दुसरी' असा वाद होत नाही.

लेथमास्तर, तुम्हाला एक महत्त्वाचं. कडी आणि धूसरपणा याची तक्रार केली की कधी कधी लगेच 'मागे जाळी आलीय, यॅग लेसर करू' असं सुचवलं जातं. जाळी म्हणजे लेन्समागची पिशवी गढूळ होणं; ती खरोखर असेल तर लेसरनं फरक पडतोच. पण ही मागची पिशवी लेसरनं उघडल्यावर लेन्स बदलणं फार जिकिरीचं होतं. म्हणून तक्रारीचं कारण लेन्सच आहे असा संशय असेल तर घाईनं लेसर नको. आधी उरलेला नंबर तपासा, मग डोळ्याचा कोरडेपणा, मग बाकीचं. मेंदूला सवय व्हायलाही काही महिने जातात, तीन ते सहा महिने सर्वसाधारण धरतात.

गुजरीचा पोरगा, तुमच्या आण्णांबद्दल मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. ते आत्ता लांबचा चष्मा लावतात का? आणि काम करताना तो काढून ठेवतात का?

---

गुजरीचा_पोरगा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

डॉक्टरसाहेब, तुम्हाला कसं कळलं? तरुणपणापासून वजा नंबरचा चष्मा आहे, अडीच-पावणेतीन. कामाला बसले की चष्मा कपाळावर, उठले की नाकावर. चाळिशी त्यांना कधी लागलीच नाही, त्याचा भारी अभिमान.

---

डॉ_कवडसा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मग तिसरा पर्याय तुमच्यापुढे ठेवलाच गेला नाही असं दिसतं. साधी मोनोफोकलच, पण लांबसाठी न बसवता जवळसाठी. ऑपरेशननंतर मुद्दाम वजा पावणेतीन-तीनच्या आसपास नंबर ठेवायचा. मग ३३ ते ३६ सेंटिमीटरवर सगळा प्रकाश, पूर्ण कॉन्ट्रास्ट, वाटणी नाही. लांबचं बघायला चष्मा, जो ते गेली चाळीस वर्षं लावतातच. रात्री स्कूटरवर चष्मा लावला की लांबचा फोकसही पूर्ण, लेन्सची कडी नाहीत. ट्रॉली दिसेल याची हमी मी देत नाही, पण उरलेला कॉन्ट्रास्ट तरी हाताशी राहील.

वजा नंबरच्या माणसाला सरसकट लांबसाठी लेन्स बसवली की तो घरी जाऊन म्हणतो, 'पूर्वी बिनचष्म्याचं वाचत होतो ते घालवलंत.' हे मी पुन्हा पुन्हा ऐकलंय.

---

क्ष_नंबर | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मी ऑप्टोमेट्रिस्ट, लेन्सचा नंबर काढायच्या मशीनवर रोज बसते. डॉक्टरांच्या बोलण्यात भर घालते.

मापाला गेलात की आण्णांना त्यांची हत्यारं घेऊन जा. खरंच. चिमटा, फुंकणी, एखादी पानडी. खुर्चीवर जसे बसतात तसे बसवा आणि डोळ्यापासून कामापर्यंत टेप लावा. 'वीतभर' यावर लेन्स ठरवू नका. माणसं जवळचं अंतर सांगताना हटकून कमी सांगतात.

दुसरं, कोरडेपणा. भट्टीच्या आणि दिव्याच्या उष्णतेत बसणाऱ्यांचे डोळे हमखास कोरडे असतात. अश्रूंचा थर फाटका असेल तर पारपटलाच्या वक्रतेचं माप दर वेळी वेगळं येतं, आणि सगळा हिशोब त्यावरच उभा असतो. मशीनवर दोनदा माप घ्या, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे अडीच-तीन नंबरचा फरक, त्यामुळे इथं घाई करणाऱ्या ठिकाणाहून उठून यायला हरकत नाही.

तिसरं, दोन्ही डोळे एका फटक्यात ठरवू नका. आधी उजवा. काही आठवडे त्यावर काम करू द्या, मग डाव्याचं बघा. डाव्यात थोडा कमी वजा ठेवून मधलं अंतर मिळवता येतं.

---

पेन्शनर_पेठेतला | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

विम्याचं कुणी बोललं नाही. बहुतेक पॉलिस्यांत मोतीबिंदूला सुरुवातीची दोन वर्षं प्रतीक्षा आणि दर डोळ्याला ठरावीक मर्यादा असते. महागड्या लेन्सचा वरचा फरक खिशातून जातो. कागद आधी वाचा.

---

गुजरीचा_पोरगा | २६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, खबर देतो. आण्णांना घेऊन गेलो, पिशवीत चिमटा, फुंकणी आणि एक तयार साज. माप घेणारी मुलगी आधी हसली, मग स्वतःच टेप आणली. आण्णांचं कामाचं अंतर निघालं ३४ सेंटिमीटर. ते म्हणाले, टेप खोटी आहे.

डोळे कोरडे निघाले. थेंब दिले, दोन आठवड्यांनी पुन्हा माप, मग आकडे जुळले. पडद्याचा स्कॅन चांगला आलाय. जवळच्या मोनोफोकलचा विषय काढला तर डॉक्टर म्हणाले, 'हे तुम्हीच विचारलंत ते बरं झालं, बहुतेक लोकांना चष्मा घालवायचाच असतो.' उजव्या डोळ्याला वजा पावणेतीन ठेवायचं ठरलंय. डिसेंबरात ऑपरेशन.

स्कूटरचं अजून ठरलेलं नाही. आई म्हणतीय किल्ली तिच्याकडे राहील.

---

राजारामपुरी_७वी_गल्ली | २६ नोव्हेंबर, रात्री १०:०२

छान झालं. एक सांगू? ऑपरेशननंतर लेन्सचं कार्ड देतात, त्यावर मॉडेल आणि पॉवरचं स्टिकर असतं. ते देवघरात नको, फाइलमध्ये ठेवा. माझं कुठं गेलं देव जाणे, आता माझी लेन्स नेमकी कुठल्या कंपनीची ते मला सांगता येत नाही.

---

लेथमास्तर | २ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून लेसरची तारीख पुढं ढकलली आन दुसरीकडं डोळे दाखवले. जाळी नाही म्हणाले. उजव्यात पाऊण नंबर तिरका राहिलाय. रात्रीला तेवढ्याचा चष्मा दिलाय, कडी गेली नाहीत पण पूर्वी पसरून फाटायची ती आता गोल झाली. बायको म्हणती, चष्मा घालवायला पैसे भरलेस आन दोन चष्मे घेऊन आलास.

दुसरा चष्मा लेथचा. भिंगोबा सर, तुम्हीच सांगा हे कसं: त्या चाचणीच्या फ्रेममध्ये अधिक दीड घातला तरी चक स्वच्छ दिसला, आन वजा दीड घातला तरी दिसला. दोन उलटे नंबर आन काम एकच?

---

भिंगोबा | २ डिसेंबर, रात्री ८:००

दोन्ही बरोबर. तुमची लेन्स +४ ची धरली तर तुमचे दोन फोकस, एक अनंतावर, एक ३१ सेंटिमीटरवर. अधिक दीड लावला की लांबचा फोकस ओढून ६७ सेंटिमीटरवर येतो. वजा दीड लावला की जवळचा फोकस ढकलला जाऊन ५९ ला जातो. चक दोघांच्या टप्प्यात. पण अधिक दीडमध्ये तुमचा जवळचा फोकसही पुढे येऊन २१ सेंटिमीटरवर उरतो, म्हणजे त्याच चष्म्यातून हातातला मायक्रोमीटर अगदी जवळ धरून वाचता येईल. वजामध्ये दुसरा फोकस कुठल्याच वस्तूच्या कामाचा राहत नाही. अधिकवालाच घ्या.

---

लेथमास्तर | २ डिसेंबर, रात्री ८:१०

अधिकवालाच घेतलाय. वजावाल्यात जॉब बारका दिसत होता, आन बारका जॉब बघून मजुरी बी बारकीच वाटायला लागली.